मूठभर माणसांची तुकडी

आपल्या वाड्यावस्त्यांवरची कितीतरी पोरं भरतीसाठी पहाटे पळायला जातात. विचारलं तर म्हणतात, "कमांडो व्हायचंय." म्हणून आज आम्ही सांगणार आहोत, हे कमांडो आले कुठून आणि घडतात कसे.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध पेटलं. पश्चिम विभागाचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग. त्यांच्या परवानगीनं मेजर मेघसिंग यांनी एक लहान तुकडी उभारली. काम एकच, शत्रूच्या फळीमागं शिरून घाव घालायचा. वेगवेगळ्या पलटणींतले जवान स्वतःहून पुढे आले, त्यांतून माणसं निवडली. ही 'मेघदूत फोर्स'. तिची कामगिरी पाहून १९६६ साली ९ पॅरा ही कमांडो पलटण उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिच्यातून १० पॅरा वेगळी झाली. एकीनं डोंगर सांभाळायचा, दुसरीनं वाळवंट.

१९७१ च्या युद्धात जयपूरच्या राजघराण्यातले लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग १० पॅराचे प्रमुख होते. त्यांची माणसं गाड्यांतून थरच्या वाळूत सीमेपार खोलवर शिरली आणि छाछरोवर छापा घातला. भवानीसिंगांना महावीरचक्र मिळालं. पण त्याआधी कित्येक महिने त्यांनी वाळवंटातच सराव केला होता, हे विसरू नका.

आजही या दलात स्वेच्छेनं जायचं असतं. मग काही महिने परीक्षा चालते. पाठीवर ओझं, लांबलांब चाल, डोळ्याला झोप नाही. नुसती ताकद पाहत नाहीत. थकलेल्या डोक्यानं नकाशा वाचता येतो का, सोबत्याला सांभाळून घेतो का, तेही पाहतात. तुकडीत कुणी वायरलेस सांभाळतो, कुणी स्फोटकं, कुणी मलमपट्टी. शिवाय एकमेकांचं कामही शिकून ठेवतात. शत्रूच्या मुलखात मदतीला दुसरं कोण येणार?

या परीक्षेत बरेच जण गळतात आणि आपल्या पलटणीत परततात. तिथं ते चांगले जवान म्हणूनच नोकरी करतात. जे टिकतात त्यांच्या छातीवर बिल्ला लागतो. त्यावर आपल्याच देवनागरी लिपीत एक शब्द असतो, 'बलिदान'.

म्हणून मैत्रिणींनो, कुणाचं पोरगं त्या परीक्षेतून मागं आलं, तर त्याला 'नापास' म्हणून हिणवू नका. तिथं स्वतःहून उभं राहायलाही छाती लागते.