मुखवट्याच्या आतलं आणि बाहेरचं : 'व्ही फॉर व्हेंडेटा', आझाद मैदान आणि पालघर

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये आहेत, किंवा ज्यांचा इयरफोन एका कानाने गेलाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलता बोलता जे घसरलं ते थोडं नीट केलंय, पण फार नाही.

तारीख लक्षात ठेवा. ९ जून २०१२, शनिवार. मुंबईत आझाद मैदानावर काही तरुण पोरं-पोरी जमली होती. गर्दी फार मोठी नव्हती. मुंबईतल्या मोर्चांच्या हिशेबात तर अगदीच किरकोळ. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर एकच मुखवटा होता. पांढरा चेहरा, गालावर लाली, वर वळलेली मिशी, हनुवटीवर टोकदार दाढी आणि ते थंड हसू. त्या दिवशी देशातल्या इतरही शहरांत असेच मुखवटे रस्त्यावर आले. कारण काय? महिनाभर आधी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पायरेट बे अशी संकेतस्थळं सरसकट बंद केली होती. विषय होता एका तमिळ आणि एका तेलुगू सिनेमाची पायरसी. बंद झाली अख्खी दुकानं. 'अनॉनिमस' नावाने वावरणाऱ्या हॅकर मंडळींनी मग काही संकेतस्थळं पाडली, आणि नंतर रस्त्यावर यायचं आवाहन केलं.

आता प्रश्न असा की आझाद मैदानावरच्या मुलाच्या तोंडावर सतराव्या शतकातल्या एका इंग्रज माणसाची दाढी कुठून आली?

त्या माणसाचं नाव गाय फॉक्स. १६०५ साल. आपल्याकडे त्याच वर्षी ऑक्टोबरात अकबर वारला. तिकडे लंडनमध्ये काही कॅथलिकांनी राजा पहिला जेम्स याला संसदेसकट उडवायचा कट केला. संसदेच्या खालच्या तळघरात बारुदाची ३६ पिंपं रचली. फॉक्स राखणीला होता, तो सापडला. छळ झाला, आणि १६०६ च्या जानेवारीत मृत्युदंड. तेव्हापासून इंग्रज दरवर्षी ५ नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळतात. आपल्या शिमग्यासारखंच म्हणा ना, होळी पेटवायची आणि बोंब मारायची. म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षं हा माणूस खलनायक होता. मुलं त्याचे मुखवटे घालायची ती त्याची टर उडवायला.

त्याला हिरो केलं दोन कॉमिकवाल्यांनी. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्हिड लॉइड. १९८२ मध्ये 'वॉरियर' नावाच्या ब्रिटिश मासिकात त्यांची काळी-पांढरी चित्रकथा सुरू झाली. हिरोला गाय फॉक्सचा वेश द्यायची कल्पना लॉइडची. मासिक १९८५ मध्ये बंद पडलं आणि कथा अर्धीच लटकली. पुढे अमेरिकेच्या डीसीने १९८८-८९ मध्ये रंग भरून ती पूर्ण छापली. एक गंमत सांगतो. या पुस्तकात 'धडाम', 'ठॉ' असले आवाज लिहिलेले नाहीत आणि डोक्यावर विचारांचे ढगही नाहीत. पात्राच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून ओळखायचं, आणि मुख्य पात्राला तर चेहराच नाही.

कथा १९९७ मधली, म्हणजे तेव्हाच्या भविष्यातली. अणुयुद्ध झालंय, ब्रिटन कसाबसा वाचलाय आणि 'नॉर्सफायर' नावाचा फासिस्ट पक्ष सत्तेवर आलाय. कॅमेरे, कान, छावण्या. परके, समलिंगी, डावे, सगळे छावण्यांत संपवलेले. अशाच एका छावणीतून सुटलेला, मुखवटा घातलेला माणूस म्हणजे 'व्ही'. तो पहिल्याच प्रकरणात संसद उडवतो आणि ईव्ही नावाच्या सोळा वर्षांच्या पोरीला वाचवतो.

सिनेमा २००६ च्या मार्चमध्ये आला. दिग्दर्शक जेम्स मॅकटीग, पटकथा 'मेट्रिक्स'वाल्या वाचोव्स्कींची, ईव्ही झाली नॅटली पोर्टमन आणि मुखवट्याआड ह्यूगो वीव्हिंग. लॉइडला सिनेमा आवडला. मूरने मात्र श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला लावलं आणि आपल्या वाट्याचे पैसे लॉइडला द्यायला सांगितले. त्याचं डीसीशी आधीपासूनच फाटलेलं होतं. करार असा होता की पुस्तकाची छपाई थांबली की हक्क लेखक-चित्रकाराकडे परत येतील. पुस्तक एवढं खपलं की छपाई थांबलीच नाही. घ्या! यशाने हक्क गेले.

हा सगळा विषय डोक्यात शिरला तो गेल्या पावसाळ्यात, तारकर्लीला. माझ्या मावशीकडे होमस्टे आहे. पावसाळ्यात स्कूबा बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली, पर्यटक जवळपास नाहीत. त्यात वीज गेलेली. पुण्याच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, त्यांच्यातली एक पुस्तकाची कट्टर भक्त. मावसभाऊ सिनेमाचा. दोघं ओसरीवर तीन तास भांडले.

भाऊ म्हणाला, "माका पिक्चरच आवडता. शेवटाक ती सगळी माणसा मुखवटे काढतत ना, तेव्हा अंगार काटो येता."

ती म्हणाली, "दादा, पण तेच तर खोटं आहे. पुस्तकात असा शेवटच नाहीये."

आणि ती बरोबर होती, म्हणजे माहितीपुरती तरी. सिनेमात व्ही हजारो घरांत मुखवट्याची पार्सलं पाठवतो. लोक ते घालून शिस्तीत रांगेने चालत येतात, सैनिक गोळी घालत नाहीत, संसद उडते, मुखवटे उतरतात. पुस्तकात व्ही कॅमेरे आणि ध्वनियंत्रणा बंद पाडतो आणि लोकांना सांगतो, तीन दिवस तुमच्यावर कोणाची नजर नाही. मग लोक काय करतात? लुटालूट, मारामाऱ्या, आणि मधूनच कोणी काहीतरी चांगलंही. स्वातंत्र्य मिळाल्यावर माणूस एका रात्रीत सुधारतो असं मूर म्हणत नाही. पुस्तकातला व्ही टीव्हीवरून लोकांना साहेबाने कामचुकार कारकुनाला झापावं तसं झापतो. सिनेमातला व्ही सभ्यपणे निमंत्रण देतो.

मूरचा मुख्य आक्षेप हाच होता. पुस्तकात लढाई फासिझम विरुद्ध अराजकवाद अशी आहे, आणि वाचकाला दोन्हींची भीती वाटली पाहिजे. सिनेमात ती वाईट सरकार विरुद्ध चांगली जनता अशी झाली. इराक युद्धाच्या काळातला अमेरिकन राग ब्रिटनच्या नकाशावर चिकटवला, असं त्याचं म्हणणं. मात्र मूरचंही सगळंच पक्कं नव्हतं. १९८३ च्या निवडणुकीत थॅचर हरतील, मजूर पक्ष अण्वस्त्रं काढून टाकेल आणि म्हणून ब्रिटन अणुयुद्धातून वाचेल, या गृहीतकावर त्याची कथा उभी होती. थॅचरबाई दणदणीत जिंकल्या. नंतर प्रस्तावनेत त्याने स्वतःच त्या भोळेपणाबद्दल लिहिलं. अणुयुद्धातून देश सुखरूप बाहेर पडेल हे मानणंसुद्धा भोळेपणाच, हेही.

आमच्या ओसरीवरच्या भांडणात एक नाव कोणीच घेतलं नाही, आणि माझ्या मते पुस्तकाचं काळीज तिथेच आहे. रोझ आल्मंड. ती क्रांतिकारक वगैरे कोणी नाही. एका सरकारी अधिकाऱ्याची बायको, नवऱ्याचा मार खाणारी. व्ही तिच्या नवऱ्याला मारतो आणि ती उघड्यावर पडते. पेन्शन नाही, आधार नाही, शेवटी पोटासाठी नाइट क्लबात नाचते. एक दिवस ती पिस्तूल विकत घेते आणि मिरवणुकीत गाडीच्या खिडकीतून हात मिळवायला आलेल्या हुकूमशहाला गोळी घालते. मुखवटा नाही, भाषण नाही. हुकूमशहा व्हीच्या हातून मरतच नाही! सिनेमात ही बाई पूर्ण गायब आहे. तिथे हुकूमशहाला त्याचाच माणूस मारतो. माझा सिनेमावरचा राग या एका गोष्टीसाठी आहे, बाकीचं मी माफ करतो. व्हॅलरीच्या पत्राचा भाग तर सिनेमाने इतका जपून केलाय की तिथे पुस्तकवाल्यांनीही गप्प बसावं.

भावाचंही एक म्हणणं मला खोडता आलं नाही. तो म्हणाला, "पिक्चर नसतो इलो तर तुमचां पुस्तक खंय कोणी वाचलां असतां? आणि तो मुखवटो कोणी घातलो असतो?" खरं आहे. २००८ मध्ये अनॉनिमसवाले सायंटॉलॉजी पंथाविरुद्ध रस्त्यावर आले, २०११ मध्ये न्यूयॉर्कला ऑक्युपाय आंदोलन झालं, तेव्हा लोकांनी घातलेला मुखवटा सिनेमामुळे बाजारात आलेला होता. हक्क वॉर्नर कंपनीचे. म्हणजे भांडवलशाहीविरुद्धच्या मोर्चातला प्रत्येक अधिकृत मुखवटा एका बड्या अमेरिकन कंपनीचा गल्ला भरत होता.

मुखवटा आमच्या सिंधुदुर्गाला नवीन नाही. जत्रेत रात्री उशिरा दशावतार सुरू होतो, त्यात वेद चोरणारा संकासुर येतो, काळ्या वेशात, आणि मालवणीत सगळ्यांची खेचतो. गावच्या मोठ्या माणसालाही सोडत नाही. एरवी ते बोललं तर उद्या बांधावरून भांडण व्हायचं. संकासुर बोलला म्हणून चालतं. पण पहाटेपर्यंतच. आणि आत कोण आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

आता महाराष्ट्रात २०१२ मध्ये काय झालं बघा, कारण आझाद मैदानाची गोष्ट तिथे संपत नाही. सप्टेंबरात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला मुंबईत अटक झाली, राजद्रोहाचं कलम लावून. भ्रष्टाचारावरची त्याची व्यंगचित्रं असलेलं संकेतस्थळ आधीच बंद केलं गेलं होतं. त्याने चित्रं स्वतःच्या नावाने काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, सरकारने पुढे राजद्रोहाचं कलम मागे घेतलं, आणि मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने हे कलम लावताना पोलिसांनी काय काळजी घ्यायची ते घालून दिलं.

मग नोव्हेंबर. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई आणि आसपास सगळं बंद झालं. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारणारी चार ओळींची पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. लाइक! दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. इंटरनेटवर कोणाला 'त्रास' होईल असं लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्रास म्हणजे काय हे कुठेच सांगितलेलं नाही.

त्या दोघी आझाद मैदानावर मुखवटा घालून गेल्या नव्हत्या. स्वतःच्या नावाच्या, स्वतःच्या फोटोच्या खात्यावरून लिहिलं होतं. मला पुण्याच्या मैत्रिणीचं पुस्तकप्रेम आणि भावाचं सिनेमाप्रेम दोन्ही इथे येऊन अडखळताना दिसतं. मुखवट्यातला माणूस सुरक्षित राहिला. किंमत मोजली ती चेहरा उघडा असलेल्यांनी, रोझ आल्मंडसारखी.

याला आपल्याकडे एक जुनी आठवण आहे. डिसेंबर १९७५, कराडचं साहित्य संमेलन, आणीबाणी लागून सहा महिने झालेले. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय मंत्री. अशा मंडपात दुर्गाबाईंनी उभं राहून तुरुंगवासानंतर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या. नऊवारीतली पासष्टीची विदुषी, समोर हजारो लोक. पुढे त्यांना अटक झालीच. कोणाला वाटेल व्हीशी याचा काय संबंध? मला वाटतं व्हीने ईव्हीला कोंडून, डोकं भादरून, छळून जे शिकवायचा प्रयत्न केला, की भीती गेल्यावर माणूस कसा दिसतो, ते कराडच्या मंडपात लोकांनी कोणाचाही छळ न करता पाहिलं. व्हीचं ते कृत्य मला पुस्तकातही पटत नाही आणि सिनेमातही नाही. चाहते त्याला 'शिक्षण' म्हणतात. मी त्याला छळच म्हणेन.

मुखवट्याची गरज नसते असं मी म्हणत नाहीये. ज्याची नोकरी जाईल, जिच्या घरावर दगड येईल, त्यांना 'उघड बोला' सांगणं सोपं आहे, विशेषतः माइकमागे बसून. पण निनावी खात्यांवरून बायकांना शिव्या घालणारे, धमक्या देणारे यांच्याही तोंडावर मुखवटाच असतो ना? प्लास्टिकचा तुकडा बिचारा कोणाच्याही तोंडावर बसतो.

पालघरची बातमी वाचून श्रेया सिंघल नावाची दिल्लीची एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. पालघरच्या दोघींवरचा खटला त्याआधीच मिटला होता. पण कलम मेलं तरी पोलीस ठाण्यांत ते जिवंतच राहिलं. ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर धक्का बसल्याचं बोलून दाखवलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका.

पुस्तक वाचणार असाल तर घाई करू नका, आणि रोझ आल्मंडची पानं नीट वाचा. सिनेमा आधी पाहिला असेल तरी हरकत नाही. भाऊ आता पुस्तक घेऊन गेलाय, महिना झाला, परत दिलेलं नाही.