वृक्ष प्राधिकरणात नागरिकांचे स्थान
महाराष्ट्रातील शहरांत झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी १९७५ च्या अधिनियमाने बंधनकारक केली. महापालिका आयुक्त प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. नगरसेवकांबरोबरच वृक्षसंवर्धनाची जाण असलेले स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीही सदस्य म्हणून नियुक्त करण्याची तरतूद आहे. त्यांची संख्या मात्र नगरसेवकांहून अधिक असू शकत नाही.

ही तरतूद केवळ शोभेची नाही, हे मुंबईत दिसून आले. तज्ज्ञ सदस्यांअभावी उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेथील प्राधिकरणाला निर्णय घेण्यास मनाई केली. तज्ज्ञांच्या नियुक्तीनंतर, २९ ऑगस्ट २०१९ रोजी आरे येथील मेट्रो कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडण्याचा व ४६१ झाडांचे पुनर्रोपण करण्याचा प्रस्ताव मतदानास आला. नागरिकांनी हजारो हरकती नोंदविल्या होत्या. नगरसेवकांत दुफळी असल्याने तज्ज्ञांची मते निर्णायक ठरली आणि प्रस्ताव बहुमताने संमत झाला. त्यानंतर दोन तज्ज्ञांनी राजीनामे दिले. पण दिलेले मत त्यामुळे रद्द होत नाही. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, तोवर २,१४१ झाडे तोडून झाली होती.