मायना कोणाच्या नावाने?

हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले ते १ जुलै १८७९ रोजी. किंमत एक पैसा. मराठी घरात ते यायचे कर्त्या पुरुषाच्या नावावर. 'तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष' असा मायना, मग पीकपाणी, देणेघेणे, सोयरिकी. आणि जागा संपत आली की कडेला आडवे, बारीक अक्षरात, 'सौ. वहिनीस नमस्कार'. नवरा हयात असेल तर सौ., नसेल तर गं. भा. पुरुषाला मात्र बायको असो वा नसो, रा. रा. ते रा. रा.च.

१९०१च्या जनगणनेत हजारात जेमतेम सहा बायकांना लिहितावाचता येत होते. म्हणजे कार्ड कोणीतरी मोठ्याने वाचायचे आणि ओसरीवर सगळ्यांनी ऐकायचे. सासरी नांदणाऱ्या मुलीने अशा उघड्या कार्डावर लिहावे तरी काय? 'मी येथे खुशाल आहे.' खरी हकिगत माहेरच्या वाटेने जाणाऱ्या एखाद्या बाईच्या कानात सांगितली जाई.

पहारा काही पुरुषच देत होते असे नाही. शिकते म्हणून घरातल्या बायकांनीच कसे टोचून बोलावे, ते रमाबाई रानडे यांनी १९१०च्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

१९५०मध्ये इनलँड आले. गोंद लावून घडी चिकटवायची. मजकूर झाकला गेला, पण ते फोडायचे कोणी, हा वाद उरलाच.

व्हॉट्सॲपवर ग्रुप सुरू झाले २०११मध्ये, आणि ओसरी परत आली. ग्रुपचे नाव बहुधा 'अमुक परिवार', आडनाव अर्थातच सासरचे. एका ग्रुपवर महिला सदस्याविषयी अश्लाघ्य मजकूर आला आणि ॲडमिनवर गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो २०२१मध्ये रद्द केला. ॲडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे, जवळपास एवढेच असते, असे न्यायालयाचे म्हणणे. कायद्याच्या नजरेत 'एवढेच' असेल. घरात मात्र नव्या सुनेला ग्रुपवर कधी घ्यायचे, हे ठरवणाऱ्याचा हात बराच लांब पोचतो.

सकाळी सात वाजता थोरले दीर आरोग्याचा लांबलचक संदेश टाकतात. खाली पाच सुनांचे जोडलेले हात उमटतात. मिनिटभराने दुसऱ्या, फक्त जावांच्या ग्रुपवर एक ओळ येते: 'भाऊजींनी हेच परवाही पाठवलं होतं, आणि कारल्याचा रस करून कोण देणार?'