जोगलटेंभीची ‘बिघडलेली’ नाणी

हौशी संग्राहकाच्या नजरेत पुनर्मुद्रित नाणे म्हणजे काहीसे बिघडलेलेच. एका राजाच्या मुखवट्यावर दुसऱ्याची चिन्हे, लेख अर्धवट, चेहरा पुसट. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे अशीच नाणी ढिगाने सापडली.

चांदीची १३,२५० हून अधिक नाणी, मुळात सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूस त्याचा मुखवटा व ग्रीक लिपीतील लेख, दुसऱ्या बाजूस ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवलेला : कमानींचा पर्वत आणि उज्जैन चिन्ह.

नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख तिच्या पुत्राला क्षहरातांचा उच्छेदक म्हणतो. आईने केलेली स्तुती म्हणून इतिहासकाराने ती सहज बाजूला ठेवली असती. या नाण्यांनी तिला पुरावा दिला. शिवाय साठ्यात तिसऱ्या कोणत्याही राजाचे नाणे नव्हते. म्हणजे नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्ये दुसरा कोणी आला नसावा.

हा दुसरा निष्कर्ष कोणत्याही एका नाण्यावर लिहिलेला नाही. तो निघतो साठा एकत्र मोजला गेला म्हणूनच. हीच नाणी सुटी होऊन शंभर अल्बमांत गेली असती, तर ‘तिसरा कोणी नाही’ हे कोण सांगणार होते? (दुर्दैवाने सुबक नाणे आधी विकले जाते.)

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. शेतात एकच नाणे हाती लागले, तरी जागा नोंदवावी आणि आजूबाजूची माती उकरू नये.