धारप, नारायण गोपाळ

(२७ ऑगस्ट १९२५ – १८ ऑगस्ट २००८). मराठी भयकथाकार व कादंबरीकार. जन्म आणि निधन दोन्ही पुण्यात. शिक्षण विज्ञानाचे, विषय रसायनशास्त्र. भयकादंबरी, गूढकथा, विज्ञानकथा आणि रहस्यकथा मिळून त्यांची शंभरावर पुस्तके आहेत. मराठीत भुतांच्या गोष्टी त्यांच्या आधीही होत्या आणि नंतरही लिहिल्या गेल्या. परंतु भय हाच मुख्य रस मानून आयुष्यभर लिहिणारा, आणि त्यासाठी स्वतःची अशी सृष्टी उभी करणारा दुसरा मराठी लेखक दाखवता येत नाही.

धारप लिहू लागले तेव्हा लोकप्रिय मराठी कादंबरीवर रहस्यकथेचे राज्य होते. बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू घरोघर ठाऊक होते. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी तीच परंपरा आपापल्या रीतीने चालवली. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या नियतकालिकांनी आणि दिवाळी अंकांनी गूढ, भय व विज्ञान यांना हक्काची जागा दिली. मात्र रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार माणूसच निघतो. धारपांनी ही खात्रीच काढून घेतली. त्यांच्या कादंबरीत दुष्ट शक्ती खरोखर असते, ती माणसाहून फार जुनी असते आणि माणसाच्या बऱ्यावाईटाशी तिला कर्तव्य नसते. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन लेखकाच्या विश्वव्यापी भयाशी त्यांचे हे नाते उघड आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेचा धागा पुष्कळदा माणसाच्या मनातल्या गाठीपाशी जाऊन थांबतो. धारपांचा धागा मनाबाहेर, दाराबाहेर, कधी काळाच्याही बाहेर जातो. या दोघांना एकाच खणात ठेवण्याची सवय वाचकांनाही आहे आणि ग्रंथालयांनाही. ती दोघांवरही अन्याय करते.

त्यांच्या लेखनपद्धतीत विज्ञानाच्या विद्यार्थ्याची शिस्त दिसते. निवेदक बहुधा नोकरदार, हिशेबी, सहजासहजी न घाबरणारा गृहस्थ असतो. त्याला दूरच्या नातेवाइकाचा वाडा वारशाने मिळतो, बदलीच्या गावी स्वस्तात घर मिळते किंवा जुन्या कागदांचा गठ्ठा हाती लागतो. पहिली पाने घराची मांडणी सांगण्यात जातात: किती खोल्या, जिना कोणत्या अंगाला, परसात काय, कोणती खिडकी उघडत नाही. वाचकाला हा तपशील कंटाळवाणा वाटू लागतो न लागतो तोच त्यातली एखादी गोष्ट जागेवर नसते. धारप इथे किंकाळी फोडत नाहीत. निवेदक आधी कारण शोधतो, सापडलेले कारण तपासून पाहतो आणि ते पुरे पडत नाही हे स्वतःशी कबूल करतो. भय या कबुलीतून येते. वाक्ये छोटी, भाषा घरातली, विशेषणे मोजकी. ‘४४० चंदनवाडी’ या कादंबरीचे नावच एखाद्या पोस्टकार्डावरच्या पत्त्यासारखे आहे. त्यांच्या लेखनात संकट रानात किंवा स्मशानात बसून राहत नाही, ते राहत्या घराचा पत्ता शोधत येते. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या हिंगणीसारख्या गावात, जिथे बोरचे व्याघ्रक्षेत्र हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या वाचकाला रानाची भीती पुस्तकातून शिकावी लागत नाही. धारप त्यालाही घाबरवतात, कारण ते त्याच्याच घराची कडी वाजवतात.

त्यांच्या कादंबऱ्यांत ‘समर्थ’ मालिका सर्वांत महत्त्वाची. ‘समर्थ’, ‘समर्थांची शक्ती’, ‘समर्थांचिया सेवका’, ‘समर्थांना हाक’, ‘समर्थांचे पुनरागमन’ ही त्यातली काही पुस्तके. साधनेने मिळवलेली शक्ती पीडितांसाठी वापरणारे समर्थ आणि त्यांच्या सोबतीला असणारे अप्पा ही जोडी मराठी वाचकांच्या तीन पिढ्यांना परिचित आहे. अलौकिक संकटांचा छडा लावणारा नायक इंग्रजीत १९०८ साली ॲल्गर्नन ब्लॅकवुड यांच्या जॉन सायलेन्सच्या रूपाने आला होता. धारपांनी त्याचे मराठी रूप घडवले ते गुरुपरंपरेच्या मातीतून. एका पुस्तकाचे नावही रामदासांच्या मनाच्या श्लोकांतून घेतलेले आहे. समर्थ चमत्कार दाखवणारे बुवा नाहीत. ते आधी ऐकून घेतात, जागा पाहतात, प्रश्न विचारतात. वैद्याने नाडी पाहावी तशी त्यांची तपासणी चालते. कृष्णचंद्र, जयदेव, पंत हे धारपांचे इतर नायकही याच कुळातले, पण समर्थांइतका जिव्हाळा त्यांच्या वाट्याला आला नाही. भयकथेत वाचकाला आधार देणारे माणूस ठेवले तर भय पातळ होते, असा एक आक्षेप या मालिकेवर घेता येतो. तो पूर्णपणे खोडता येणार नाही. समर्थ येणार हे कळल्यावर वाचक सैलावतो हे खरे. म्हणूनच ज्या कादंबऱ्यांत समर्थ नाहीत त्या अधिक बोचतात.

परकीय साहित्याचे त्यांच्यावरील ऋण मोठे आहे. ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर, तर ‘शपथ’ ही १९८६ सालच्या ‘इट’वर बेतलेली आहे. यावरून धारपांना केवळ रूपांतरकार म्हणणे चुकीचे ठरेल. किंग यांची पहिली कादंबरी १९७४ साली आली, त्याच्या बऱ्याच आधीपासून धारप लिहीत होते. शिवाय रूपांतर करतानाही ते नुसती नावे बदलत नाहीत. ‘शपथ’चेच पाहावे. मूळ कादंबरीचे नाव संकटाकडे बोट दाखवते. धारपांनी नाव घेतले ते बालमित्रांनी एकमेकांना दिलेल्या वचनाचे. कथेचे वजन भीतीवरून मैत्रीवर सरकवणारा हा निर्णय एका स्वतंत्र कादंबरीकाराचा आहे. तरीही मूळ लेखनाचा उल्लेख ठळकपणे होणे आवश्यक होते, हेही तितकेच खरे. त्या काळी मराठी लोकप्रिय प्रकाशनात तसा प्रघात नव्हता, एवढेच म्हणता येते.

‘चेतकीन’, ‘ग्रहण’, ‘काळी जोगीण’, ‘केशवगढी’, ‘माणकाचे डोळे’, ‘स्वाहा’, ‘साठे फायकस’, ‘अत्रारचा फास’ ही त्यांची इतर गाजलेली पुस्तके. ‘नेनचिम’ ही विज्ञानकादंबरी. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना धारपांचे नाव ओझरते घेतले जाते, ते अधिक थांबून घ्यायला हवे.

धारपांचा वाचक मुख्यतः वाचनालयांनी घडवला. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि अनुदानाच्या आधाराने गावोगावची ग्रंथालये तग धरू शकली. शहरांत रोजच्या भाड्याने पुस्तके देणारी खाजगी वाचनालये होतीच. जाड पुठ्ठ्याची बांधणी, कण्यावर शाईने घातलेला दाखल क्रमांक, शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची रांग, अशाच रूपात हे लेखन बहुतेकांनी प्रथम पाहिले. समीक्षेने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) साकेत प्रकाशनाने त्यांची अनेक पुस्तके पुन्हा उपलब्ध केली.

त्यांच्या कथांवरून स्टार प्रवाह वाहिनीवर ‘अनोळखी दिशा’ ही मालिका झाली, तर २०१८ साली झी मराठीवर पल्लवी जोशी यांची भूमिका असलेली ‘ग्रहण’. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाचे मूळही धारपांपर्यंत जाते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात, एका मित्राच्या तोंडून धारपांची ‘आजी’ ही कथा ऐकली. पुढे मूळ कथा वाचल्यावर ती आपल्याला ऐकताना वाटली तितकी भयंकर वाटली नाही, असे त्यांनी सांगितले आहे. ही कथादेखील किंग यांच्या एका कथेवरून घेतलेली. चित्रपटाचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले. अमेरिकेतली कथा पुण्यात मराठी झाली, विदर्भाच्या रानात सांगितली गेली आणि कोकणच्या नावाने पडद्यावर आली. धारपांचे लेखन डोळ्यांनी वाचले गेले तितकेच तोंडी सांगितलेही गेले, याचा हा चांगला पुरावा आहे.

नव्या वाचकाने सुरुवात ‘समर्थांचिया सेवका’पासून करावी आणि मग ‘४४० चंदनवाडी’ व ‘लुचाई’कडे वळावे. धारपांच्या समग्र लेखनाची कालक्रमानुसार सूची तयार होणे गरजेचे आहे आणि त्यासाठी पहिल्या आवृत्त्याच हाताशी हव्यात. गावोगावच्या ग्रंथालयांनी अशा जीर्ण प्रती रद्दीत काढू नयेत.