अकोला–अमरावती : ८० किलोमीटरचा इतिहास

१/ अकोला आणि अमरावती यांतील हवाई अंतर सुमारे ८० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ते कापण्यास हिशेबाने दहा मिनिटे पुरतील. असे विमान मात्र नाही. या दोन शहरांतील खरा प्रश्न निराळा आहे: मुंबई कोणाला अधिक जवळ? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर उलटले आहे.

२/ रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडच्या कापसाची मोठी पेठ अमरावती होती. येथील कापूस बैलांच्या पाठीवरून सुमारे ८०० किलोमीटरवरील मिर्झापूरला जाई आणि तेथून गंगेच्या प्रवाहाने कलकत्त्यास. पावसाळ्यात काळी माती वाट अडवी, म्हणून प्रवासाचे गणित कोसांपेक्षा ऋतूंवर अधिक अवलंबून असे.

३/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली. त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचे मोल एकाएकी वाढले.

४/ रूळ मात्र युद्ध संपल्यावर पोचले. जीआयपी रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. अकोला थेट त्यावर आले. अमरावती मात्र बाजूला राहिली. तिच्यासाठी बडनेऱ्याहून छोटा फाटा काढावा लागला. मुंबई–हावडा मार्गावरच्या गाड्या आजही बडनेऱ्यास थांबतात, अमरावतीस जात नाहीत. रेल्वेने कौल अकोल्याला दिला होता.

५/ विमानाच्या बाबतीतही आरंभ अकोल्याचाच. शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९४३ सालची. परंतु मोठ्या प्रवासी विमानांसाठी ती अपुरी ठरली. विस्तारासाठी लागणाऱ्या जमिनीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीनही येते. हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला.

६/ इकडे अमरावतीजवळ बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढवली गेली. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथे मुंबईहून एटीआर-७२ जातीचे पहिले नियमित प्रवासी विमान उतरले. योगायोग असा की, पहिल्या आगगाडीचीही तारीख हीच होती. सुरुवातीच्या वेळापत्रकात या उड्डाणास पावणेदोन तास दिलेले होते. रेल्वेने हाच प्रवास रात्रभराचा.

७/ दोन्ही शहरांमधील रस्त्याचीही एक नोंद आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती–अकोला टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करण्यात आली. गिनीज बुकाने तो विक्रम मानला.

८/ या वेगवान रस्त्याचा उपयोग आता एका विचित्र प्रवासासाठी होतो. मुंबई अकोल्याच्या पश्चिमेस, बेलोरा पूर्वेस. विमानाने मुंबईस जाऊ इच्छिणारा अकोलेकर आधी नव्वदेक किलोमीटर उलट दिशेला जातो आणि मग स्वतःच्याच गावाच्या दिशेने माघारी उडतो. रस्त्याचा वेळ, विमानतळावरील थांबा आणि उड्डाण यांची बेरीज केली की पावणेदोन तासांचे पाच-सहा तास होतात.

९/ १८६७ मध्ये अमरावतीकरांना गाडीसाठी बडनेरा गाठावे लागे. आज विमानासाठी अकोलेकरांना बेलोरा गाठावे लागते. फरक एवढाच की, अमरावतीला तेव्हा फाटा मिळाला. शिवणीच्या धावपट्टीचा विस्तार हाच अकोल्याचा फाटा.