देवासचे दोन तंबोरे आणि गिटारचे दोन अँप्लिफायर

गणेशोत्सवाचं अंदाजपत्रक करायची वेळ आली, की आपल्या माळव्यातल्या मराठी मंडळांत एक प्रश्न हमखास निघतो. गायकाच्या मागे दोन तंबोरे कशाला, एकात भागत नाही का? दुसऱ्या तंबोऱ्याचं मानधन वाचेल, शिवाय मोबाईलवर तंबोरा फुकट मिळतो. मी आयुष्यभर बँकेत जमाखर्च पाहिला, काटकसर मला समजते. पण या खर्चाला कात्री लावू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण देवासात आहे.

देवास हे गावच दोनाचं. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदली. टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. आमचे धारचे पवारही त्याच कुळातले. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. दोन दरबारांच्या गुंत्याबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. उस्ताद रजब अली खाँ देवासचेच म्हणून ओळखले गेले. म्हणजे गाण्याचा कान गावाला आधीपासून होता.

१९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन, कोरड्या हवेसाठी, देवासला आले. तेव्हा वय तेवीस. पुढची काही वर्षं गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्याने ते वाचले, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. त्यानंतरचं त्यांचं गाणं आपल्या पिढीने इंदूर-देवासात ऐकलं. लांबलचक दमसास नाही. छोटी, धारदार फेक, आणि मग थांबणं.

त्या थांबण्यात काय ऐकू यायचं? तंबोरे. माझ्या मते कुमारजींचं अर्धं गाणं तिथे होतं. म्हणूनच ते तंबोरे लावायला वेळ घेत, आणि लोक तो वेळ कुरकुर न करता देत.

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमात (रागाप्रमाणे मध्यमात किंवा निषादात), मधली जोड षड्जात, शेवटचा खर्ज. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली, की तारेतून वरचे स्वर मोकळे होतात. खर्ज नीट लागला तर कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. घोडीच्या या वक्र पृष्ठभागावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली शोधनिबंध लिहिला होता.

आता दोन तंबोरे. एक गायकाच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. दोघे एकाच क्षणी छेडत नाहीत, त्यामुळे एकाची फट दुसरा भरतो. स्वरात केसाएवढा फरक राहतोच. एक तार सेकंदाला २२० वेळा आणि दुसरी २२१ वेळा कंप पावली, तर सेकंदाला एक हेलकावा येतो. हेलकावा जास्त झाला तर बेसूर, पण अगदी मंद असला तर आवाज जिवंत वाटतो. गायक त्या आवाजाच्या आत बसलेला असतो.

माझा नातू गिटार वाजवतो. तो एका गिटारला दोन अँप्लिफायर लावतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. आवाज वाढवायला नव्हे, रुंद करायला. जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ साली जेसी-१२० हा अँप्लिफायर काढला, त्यात साठ-साठ वॉटचे दोन अँप्लिफायर आणि बारा इंची दोन स्पीकर एकाच खोक्यात आहेत. कोरस लावला की एकातून मूळ आवाज येतो, दुसऱ्यातून किंचित उशिराचा, हलता. दोन्ही वायरीत मिसळत नाहीत, खोलीतल्या हवेत मिसळतात. मी त्याला म्हटलं, अरे, हे तर भानुकुलात रोज व्हायचं! (भानुकुल म्हणजे टेकडीखालचं कुमारजींचं घर.)

पोरांच्या अडचणी मात्र ऐकण्यासारख्या आहेत, कारण मंडपात त्याच येतात. एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या तर एकाचा धक्का दुसरा खातो आणि खर्ज गायब होतो. दोन अँप्लिफायर दोन ठिकाणच्या प्लगांत लावले तर अर्थिंगच्या फेऱ्यातून भुणभुण येते. ती घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. मंडळी, हे जिवावरचं आहे, आपल्या मंडपात कोणाला करू देऊ नका. दोन्ही एकाच बोर्डावरून घ्या.

आणि मंडप फार रुंद असेल तर तंबोरे पूर्ण डावे-उजवे करू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, त्यामुळे कडेला बसलेल्याला दूरचा स्पीकर उशिरा आणि हळू ऐकू येतो, म्हणजे त्याच्या वाट्याला एकच तंबोरा. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा, आणि तंबोरे थोडे अलग, पण एकमेकांत मिसळलेले, एवढं साउंडवाल्याला सांगितलं तरी पुरतं. बऱ्याच ठिकाणी तंबोऱ्यापुढे माइकच नसतो. मग दोन काय आणि चार काय, ऐकणार फक्त गवई.

मोबाईलमधला तंबोरा सुरात असतो, नाकारत नाही. पण तो तीच आवर्तनं घोटतो, आणि एकाच खोक्यातून येतो. तेव्हा यंदाच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या तंबोऱ्याचं मानधन आणि दोन माइक, या दोन ओळी राहू द्या. कमी पडलं तर फुलांच्या कमानीतून काढा.